मागचा पाटा

वेळकोंड, ता. रत्नागिरी
१२ मे २०२५

तीर्थरूप भास्करकाका,

नमस्कार वाकून करतो आहे असं समजा. आत्ताच गाडीखालून बाहेर आलोय, त्यामुळे कंबर आपोआपच वाकलेली आहे.

फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मध्ये काकी असल्या की माझ्या चार वाक्यांची त्या एका शब्दात वासलात लावतात. व्हॉट्सॲप तुम्ही उघडत नाही. म्हणून पोस्टात गेलो. पाकीट मागितलं तर तिथल्या बाईंनी काळजीने विचारलं, कोर्टाचं काही आहे का?

काम असं आहे. माझी पिकअप तुम्ही पाहिलेली नाही. तुम्ही शेवटचे आलात त्यानंतर घेतली. चारही चाकं ओढणारी आहे. चिखल, चढ, कातळ, कशाला म्हणून मागे हटत नाही. आंब्याच्या दिवसांत पेट्या, एरवी मिरकरवाड्याच्या बंदराला बर्फ, नाहीतर जांभ्याचे चिरे. चिऱ्यांसाठी म्हणून एमआयडीसीतल्या निलेशने मागच्या चाकांवरच्या लोखंडी पाट्यांमध्ये दोन जादा पाटे भरून दिले. तेव्हापासून गाडी ओझ्याला राजी झाली, पण हलकी असली की सड्यावर बकरीसारखी उडते. आपला सडा तुम्हाला माहीत आहे. हमरस्त्यापासून घरापर्यंतचा तो कातळ होता तसाच आहे. रस्ता होणार म्हणून दरवेळी ऐकतो आणि येते ती निवडणूक.

तर मला मागची बाजू मऊ करून घ्यायची आहे. पेटीतला आंबा हादऱ्याने डागाळतो, गिऱ्हाइकं कुरकुरतात. निलेशला सांगितलं तर तो हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, सगळे पाटे घालायला येतात, तू काढायला आलास? तुमचा जन्म कळंबोलीला ट्रकचे पाटे बसवण्यात गेला. तेव्हा काय काढू आणि काय घालू ते तुम्हीच सांगा.

यमुनाआत्या वयाच्या मानाने बरी आहे. गुडघे मात्र धरलेत. पडवीची पायरीसुद्धा उतरत नाही, मग एस्टी आणि पनवेल तर लांबच राहिलं. दुपारी पडवीत बसते, सड्याकडे तोंड करून, आणि मी दिसलो की विचारते, भास्करचं काय? आता निदान तुमचं पत्र तरी दाखवता येईल.

तुमचा
यज्ञेश


पनवेल
२१ मे

चि. यज्ञेश,

आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे आणि पेन्सिलीचं आहे. मी उताणा पडून लिहितो आणि उताण्या माणसाच्या पेनातली शाई उतरत नाही. साष्टांग नमस्कार उलटा घालून दिवस काढतोय म्हण.

पहिली गोष्ट, गाडीला मऊ म्हणू नये. मऊ गादी असते. गाडी सोसते किंवा सोसत नाही. तुझ्या निलेशने चूक केलेली नाही; चिऱ्यांना जे लागतं ते त्याने घातलं. पण एका गाडीला चिराही सोसव आणि आंबाही सोसव म्हटलं की ती बिचारी कोणाकोणाचं ऐकणार? चिरे वाहायचे सोडणार असशील तरच पुढचं वाच.

जादा घातलेले दोन्ही पाटे काढ. उरलेले सगळे सुटे करून गंज घासून काढ आणि दर दोन पाट्यांमध्ये ग्रीस भर. पाटे एकमेकांवर सरकले पाहिजेत. ते गंजून एकमेकांना चिकटले की पाच पाट्यांची एक पहार होते. टोकांचे बुश रबरी घाल, लोक हल्ली कडक प्लास्टिकचे घालतात ते नको. शॉकअप दाबून बघ, तेल गळत असेल तर फेकून दे. आणि सड्यावर चढण्याआधी मागच्या चाकांची हवा थोडी उतरव. एवढं कर आणि कळव. पेटीत पेंढा किती घालतोस तेही कळव, मला त्यातही तुझी कंजुषी वाटते.

अक्काला सांग, मी बरा आहे. मणक्यात स्क्रू आहेत ते आपल्या जागी आहेत. थोडं बसायचं, थोडं चालायचं, धक्का बिलकूल खायचा नाही, असा हुकूम आहे. सड्यावर धक्क्याशिवाय दुसरं आहे काय? म्हणून सहा वर्षं आलो नाही. तिला वाटतं विसरलो. विसरलो नाही म्हणून सांग.

भास्करकाका

[मागच्या बाजूला, निळ्या पेनाने]

यज्ञेश, पत्र पेटीत टाकायला मी जाते, म्हणून पाठीवर माझं. तुझ्या आंब्यावर ह्यांचा विश्वास बसला, माझा नाही. मार्चमध्ये तू फोनवर डॉक्टरांचं खोदून खोदून विचारलंस, आडवं झोपून रेल्वेने येता येईल का म्हणून, तेव्हाच मी ओळखलं. येता येईल. स्टेशनपासून डांबरी रस्त्यानेही येता येईल. अडतं ते तुमच्या सड्यावर. मागच्या खेपेला रिक्षातून नेलं तेव्हा त्या कातळावर काय झालं ते तू पाहिलं आहेस, परत आल्यावर ऑपरेशनच करावं लागलं. अक्कांना इकडे आणता येत नाही, ह्यांना तिकडे नेता येत नाही, आणि दोघांची वयं काही थांबत नाहीत. ह्यांना इतक्यात काही बोलू नकोस, भडकतील. पण काम थांबवू नकोस.
हेमाकाकी


वेळकोंड
८ जून

ती. काका,

तुमचं पत्र निलेशने स्वतः वाचलं आणि घडी घालून खिशात टाकलं. मागितलं तेव्हा परत दिलं. पाटे काढले, घासले, ग्रीस भरलं. शॉकअप एक गळत होता, दुसरा गळून संपलेला होता. चिऱ्यांच्या खेपा वाडीतल्या धोंडूच्या टेम्पोला देऊन टाकल्या. मला त्यांचा कंटाळाच आला होता.

या सगळ्यात घरी एक प्रकरण झालं. मी अंगणात उभा राहून निलेशला फोनवर सांगत होतो, मागचा पाटा उद्या काढून टाकतो, तो जुना झालाय, भंगारात दे. आत्या पडवीत बसून ऐकत होती. संध्याकाळी ईशाला वाटण घालायचं होतं, ती मागीलदारी गेली तर तिथला पाटा जागेवर नाही. वरवंटाही नाही. शोधाशोध केली. तुमच्या बहिणीने धोंडूला हाक मारून तो उचलायला लावला होता आणि स्वतःच्या खाटेखाली सरकवून ठेवला होता. म्हणाली, "माज्या आयशीचा पाटा हाय तो. मी मेल्यावर काय तो भंगारात घाल."

मी समजावलं की गाडीच्या चाकांवर लोखंडाचे पाटे असतात, ते बदलतोय. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की गाडीत पाटा कशाला, तू काय जाताना वाटण घालत जातोस? पाटा अजून खाटेखालीच आहे. ईशा सध्या मिक्सर लावते आणि आमटीला चव नाही म्हणून आत्येसासूची बोलणी खाते.

आता गाडीचं. पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी मागे हौद्यात ठेवली आणि सडा ओलांडला. आधी घरी पोचेपर्यंत तळाला पाणी राहायचं, आता अर्धी कळशी राहते. म्हणजे फरक पडला, पण अर्धी सांडतेच. यापुढे काय करायचं?

तुम्ही म्हणाल आंब्याला एवढं पुरे. पण यंदा गणपतीही पिकअपमधूनच आणावा असं मनात आहे. मूर्ती जरा मोठी आहे. तिला धक्का लागून चालणार नाही.

यज्ञेश


पनवेल
२० जून

चि. यज्ञेश,

जून निम्मा सरला, कोकणात धो धो पाऊस चालला आहे असं टीव्हीत दाखवतात, आणि तू अजून आंब्याच्या काळजीत आहेस. कुठला आंबा आहे हा, मला एक पेटी पाठव.

गणपतीचं वाचून बरं वाटलं नाही. आपल्याकडचा गणपती चित्रशाळेतून डोक्यावरून येतो. तुझ्या आजोबांच्या डोक्यावरून आला, तुझ्या बाबांच्या आला, मग मिसरूड फुटल्यापासून नोकरीला बाहेर पडेपर्यंत माझ्या. सगळा सडा डोक्यावर पाट धरून चालायचो. पुढे अक्का घंटा वाजवत, आणि माझी मान जरा हलली की मागे वळून अशी बघायची की देवसुद्धा सरळ बसत असेल. आता तुम्ही त्याला गाडीत घालणार. घाला. मी काय सांगणारा, मी तर आडवा.

पाट्यांचं सांगतो. आता जुने पाटे सोडून दे. पॅराबोलिक म्हणून येतात ते घाल. ते थोडेच असतात, मध्ये जाड आणि टोकाला निमुळते, एकमेकांना घासत नाहीत. सोबत लांब दांड्याचे शॉकअप. चाक खड्ड्यात पुरतं उतरलं पाहिजे, म्हणजे वरच्या हौद्याला खड्डा कळत नाही.

आणि एक गोष्ट जी पुस्तकात लिहीत नाहीत. रिकामी गाडी उडतेच, तिला तू सोन्याचे पाटे घाल. एस्टी बघ. रिकामी असली की खिडक्यांसकट खडखडते, आणि माणसांनी भरली की पाळण्यासारखी चालते. पाट्याला थोडं दाबून ठेवणारं वजन लागतं. दगड टाकलास तर तो आपटतो आणि सरकतो, ते मेलं वजन. माणूस खड्डा दिसला की आधीच अंग सावरतो, ते जिवंत वजन. गणपतीभोवती वाडीतली पाचसहा माणसं बसव.

मूर्ती केवढी, वजन किती, उभी आणणार की आडवी, ते लिही. त्यावर पाटे ठरतात.

भास्करकाका

[मागे, पेनाने]

गणपतीचं त्यांनी दोनदा वाचलं, मग पेन्सिल तासून मागितली. सांभाळून लिही रे. उभी की आडवी विचारलंय, काय सांगणार आहेस? मनस्विनीला सातवा लागला, माहेरी आली आहे, ती सुद्धा हसते आहे.
हे. का.


वेळकोंड
९ जुलै

ती. काका,

पॅराबोलिक पाटे कोल्हापूरहून आले. निलेशने बसवताना एकदाही कुरकुर केली नाही, उलट तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. शॉकअप लांब दांड्याचे मिळाले.

मूर्ती साडेपाच फूट. वजन बासष्ट किलो. आडवी आणायची आहे, तसंच कारण आहे म्हणून.

परवा मी स्वतः हौद्यात गादी टाकून आडवा झालो आणि ईशाला गाडी चालवायला सांगितलं. वर ताडपत्री, तिच्या फटीतून आभाळ. काका, सडा मी रोज ओलांडतो, पण बसून. आडवं झाल्यावर तो वेगळाच असतो. पुढचा खड्डा दिसत नाही ना, त्यामुळे प्रत्येक वेळी पाठ आधीच घाबरून बसते. पहिल्या खेपेला मी दात आवळून होतो. मग तुमचं ऐकलं, धोंडू आणि वाडीतल्या चौघांना भोवती बसवलं. धोंडू एकटाच दोन पोत्यांना भारी आहे. दुसऱ्या खेपेला गाडी डुलली, पण उडाली नाही. कळशी शेजारीच होती. तोंडाशी बोटभर पाणी कमी झालं, बस.

एक जागा राहिली आहे. वडाच्या अलीकडे कातळाला पायरी आहे, तिथे अजून बसतो धक्का. पण एकच. गणपतीला एक धक्का चालेल का, तेवढं सांगा.

आत्या विचारत होती, गणपतीला गादी कशाला? मी म्हटलं, यंदाचा म्हातारा आहे.

यज्ञेश


पनवेल
१९ जुलै

चि. यज्ञेश,

साडेपाच फुटी, बासष्ट किलोचा, म्हातारा आणि आडवा येणारा गणपती. अरे, बासष्ट हे माझं एप्रिलचं वजन आहे. हेमाने तुला जुना आकडा दिला. आता साठ भरतं.

मला राग आलेला नाही. हे पत्र हेमाकडे दिलं नाही, खाली दुकानवाल्याच्या हाती दिलंय, कारण तिने पाठीवर काही लिहून याची धार घालवायला नको. तुझं मागचं पत्र मी उशाशी ठेवलं आहे. तू हौद्यात आडवा झालास ते वाचून मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. माझ्यासाठी असं कोणी कधी आडवं झालं नव्हतं.

पण मी येणार नाही.

धक्क्याला भिऊन नाही. एक धक्का गणपतीला चालत असेल तर मलाही चालेल. मागच्या खेपेला सड्यावर मी गुरासारखा ओरडलो. रिक्षा थांबवून तुम्ही चौघांनी मला चादरीत घालून उचललं आणि घरापर्यंत नेलं. अक्का पडवीत उभी होती. तिने वाट बघितली होती भास्करची, आणि अंगणात आलं ते चौघांनी उचललेलं काहीतरी. तिचा चेहरा तू पाहिला नाहीस, तू पायाकडची बाजू धरली होतीस. मी पाहिला. ती मला ओळखायच्या आधी तिने जे ओळखलं ते मला पुन्हा तिच्या तोंडावर बघायचं नाही. गाडीतून उतरवताना पुन्हा चौघंच लागणार. त्याला तुझा निलेश कुठले पाटे बसवणार आहे?

गाडी तू चांगली केली आहेस. माझ्या हाताखाली असतास तर पाठ थोपटली असती. आता जुने पाटे परत घाल, चिरे वाहा आणि संसार कर. अक्काला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुला सुचेल ते सांग.

भास्करकाका


वेळकोंड
२ ऑगस्ट

[काका, नमस्कार. आत्या सांगतात तसंच उतरवून घेते आहे. सुधारून लिहायचं नाही अशी तंबी आहे. ईशा]

भास्कर,

तुजं पत्र यज्ञेस मला वाचून दाखवत नव्हता. तोंड पाडून फिरत व्हता, तेवाच मी वळखलं. मग मी ईशाकडना वाचून घेतलं. दोनदा वाचून घेतलं.

उचललेला भास्कर मी बघायचा नाय म्हनतोस. मग कोनी बघायचा? आई गेली तेवा तू आजोळी खाडीपल्याड व्हतास, दोन वर्साचा. मी कपाळ पुसून नुकतीच माहेरी आलेली. बाबा म्हनाले, पोर हितं आन. मी होडीतना उतरले नि तुला पाठीशी बांधून सगळा सडा चालत आले. चौघं नव्हती, मी एकटी व्हते. वडाजवळच्या पायरीशी बसले, तर तू माज्या पाठीवर मुतलास. ता मी आजपावत कोनाला सांगितलं नाय. आता ईशाला कळलं, नि त्याला कारन तू.

तेवा उचललेला भास्कर मी पयला बघितला. चाललेला भास्कर त्याच्या मागना बघितला. मला काय नवल नाय त्याचं.

त्या दिशी माजं त्वांड तसं का झालं ता सांगते. मला वाटलं, गेला. मग तू वरडलास नि मला बरं वाटलं. वरडतोय म्हंजे हाय. तू नुसतं पयलं बघितलंस, दुसरं बघितलंच नायस. ता माजं त्वांड आठवून तू सा वर्सं तिकडे पडून राह्यलास, येडा कुटला.

तू लाज धरून तितं पडून ऱ्हा. मी हितं वाट बघून मरते. मग कदीतरी येशील. तेवा धक्के खात आलास काय नि न खाता आलास काय, मला काय कळनार हाय?

ह्या पत्राला पेन्सिलीने उत्तर नको. चालत ये नायतर पाठीवर ये.

यमुना


पनवेल
११ ऑगस्ट
[पोस्टकार्ड]

चि. यज्ञेश,
नवे पाटे बसवल्यावर थोडी गाडी पळाली की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. सगळे विसरतात, निलेशही विसरला असेल. आवळून घे. हौद्यात डोकं केबिनकडे, पाय मागे. जिवंत वजन मागच्या चाकांवर. मनस्विनीचे दिवस भरत आलेत म्हणून हेमा येत नाही. न्यायला तू ये. चतुर्थीच्या आदल्या दिवशी नको, गर्दी असते, त्याच्या आधी. खालची बर्थ.
अक्काला सांग, ईशाकडून आणखी काही लिहवून घेऊ नकोस.
भा.


वेळकोंड
३ सप्टेंबर

प्रिय हेमा,

हे पत्र पेनाने लिहिलेलं आहे, ते आधी बघ. पडवीत उशी लावून बसलो आहे. मध्येच पेन्सिल सुरू झाली तर घाबरू नकोस, आडवा झालो एवढंच समज.

पोचल्याचं यज्ञेशने फोनवर सांगितलं, पण त्याने बातमी सांगितली असणार, हकीकत नाही. रेल्वेत काही झालं नाही. स्टेशनवर ईशा गाडी घेऊन आली होती. तुझ्या सुनेसारखी आहे म्हणून सांगत नाही, पण गाडी ती यज्ञेशपेक्षा बरी चालवते, म्हणून पुढेही तीच बसली. डांबरी रस्ता कधी संपला कळलं नाही. मग सड्याच्या तोंडाशी गाडी थांबली आणि यज्ञेशने ताडपत्री वर केली.

तिथल्या चहाच्या टपरीपुढे खुर्ची टाकून अक्का बसली होती. जी पडवीची पायरी उतरत नाही ती. सकाळी ईशाबरोबर केबिनमध्ये बसून आली म्हणे, आणि ईशा स्टेशनवर जाऊन येईपर्यंत तिथेच चहा पीत बसली. मला वाटलं, जवळ येईल, डोक्यावरून हात फिरवेल. तिने माझ्याकडे धड बघितलंही नाही. धोंडूला म्हणाली, "हां, उचल."

धोंडू आणि वाडीतले आणखी तिघं आले. चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि हौद्यात माझ्या उशाशी आणून ठेवलं. मी पडल्यापडल्या बघत होतो. उचलताना तिचा पदर खाली आला, तो तिने सावरला. खुर्ची कलली तेव्हा तिने धोंडूचे केस धरले. चौघांच्या हातात अक्का एवढीशी दिसत होती. बसल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाली, "बघितलंस? झाली फिट्टंफाट."

हेमा, मी सहा वर्षं जे घेऊन पडलो होतो ते त्या एका शब्दात संपलं. मला हसू आलं आणि हसताना पाठीत कळ आली, तरी हसलो.

मग म्हणाली, गाडीला वजन लागतं ना, मी वजनाला आलेय. तिचं वजन मांजरीएवढं. यज्ञेशने ते तोंडावर बोलून दाखवलं, तर तिने पायाशी ठेवलेलं गोणपाट बाजूला केलं. खाली आईचा पाटा. खाटेखालून काढून वरवंट्यासकट घेऊन आली होती. म्हणाली, हा धर, तुझा मागचा पाटा. मी म्हटलं, अक्का, दगड म्हणजे मेलं वजन, तो सरकतो. ती म्हणाली, मी पाय ठेवून बसते, कसा सरकतो बघू. आणि खरंच, सगळा सडाभर दोन्ही पाय त्या पाट्यावर रोवून बसली.

हातात घंटा होती. गणपतीची. यज्ञेश तीन महिने घरात गणपती म्हणत होता, तेव्हा तिने तो खराच धरला. गाडी कातळावर चढली आणि तिने घंटा वाजवायला सुरुवात केली. मला फोन ऐकू येत नाही, टीव्ही ऐकू येत नाही, ती घंटा ऐकू आली. जरा गचका बसला की मागे वळून केबिनच्या काचेतून ईशाकडे डोळे वटारायची. तेच डोळे, काही बदललेलं नाही. सड्यावर गवत आलंय, पाण्याची डबकी आहेत, वर आभाळ भरलेलं. मी जन्मभर हा सडा चाललो, पण तो असा कधी पाहिला नव्हता. पाहिला असेल तर तिच्या पाठीवरूनच, आणि ते आठवत नाही.

दुखलं. खोटं सांगत नाही, दोन ठिकाणी दुखलं. वडाजवळच्या पायरीला तिने घंटा थांबवली, माझ्या कपाळावर हात दाबून धरला आणि मोठ्याने वाडीच्या लोकांना सांगितलं की हा हितंच मुतला होता. त्यामुळे धक्का बसला केव्हा, ते माझ्या लक्षात आलं नाही. पायरी ओलांडून गेल्यावर धोंडूने मला सांगितलं.

गाडीचं काम उत्तम झालं आहे. निलेश येऊन भेटून गेला. यू-बोल्ट विसरला होता, ते त्याने स्वतःच कबूल केलं.

गणपती आपल्या रीतीने डोक्यावरूनच आला, यंदा यज्ञेशच्या. मी पडवीत पडून बघितला. त्याची मान फार हलते. गौरी गेल्या. पाटा पुन्हा मागीलदारी गेला आहे, ईशा त्यावर वाटण घालते आणि अक्का शेजारी बसून चुका काढते. खोबरं अजून बारीक, एवढंच दिवसभर ऐकू येतं. म्हणजे मला ऐकू येत नाही, पण ईशाचा चेहरा बघून कळतं.

काल यज्ञेशने परतीच्या तिकिटाचा विषय काढला. अक्काने ईशाला खोबरं अजून बारीक करायला सांगितलं. मग रात्री जेवताना यज्ञेशला म्हणाली, "येताना मी बसले वजनाला. जाताना नाय बसनार. नि माजा पाटा पन देनार नाय."

वजनाशिवाय गाडी उडते, हे मीच लिहून दिलेलं आहे. आता मागे कसं घेऊ? तेव्हा तिकीट तूर्त राहू दे. मनस्विनी सुटली की तूच तिला आणि बाळाला घेऊन इकडे ये. जुने पाटे परत घालायचे नाहीत असं मी यज्ञेशला बजावलं आहे. बाळालाही सडा ओलांडायचा आहे.

तुझा
भास्कर